आईच्या खांद्यावरचा हात

विश्वास ठेवा म्हणून गळ घालणार नाही. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

यंदाच्या एप्रिलमधली गोष्ट. परतूरमध्ये, स्टेशनजवळच्या आमच्या घरात. रात्री नाही, भर दुपारी.

माझी आई, बेबीनंदा, मार्चअखेर गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी तिचा मोठा फोटो हवा होता. उभ्या आयुष्यात तिचा हसतानाचा फोटो एकच. वडील कोकणात एका बंदरावर नोकरीला होते तेव्हाचा. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. धक्क्यावर आई बसलेली. बाजूला मी, नऊ वर्षांचा. मागे पाच वर्षांचा प्रेम, माझा भाऊ, आईच्या खांद्यावर हात ठेवून.

त्यानंतर महिन्याभरात प्रेम त्याच धक्क्यावरून नाहीसा झाला.

सापडलाच नाही. आईनं त्याच्या नावानं कधी मेणबत्ती लावू दिली नाही. "येईल," म्हणायची.

स्टुडिओवाल्या राधेश्यामला मी सांगितलं, "फक्त आई ठेव. दोन्ही पोरं काढून टाक." लोक प्रेमबद्दल विचारतील आणि मला पुन्हा तेच खोटं सांगावं लागेल, याची भीती होती.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज उतरलेला.

"शिवाजीभाऊ, तीन बार मिटवला. पण छापलं की... हात तिथंच दिसून राह्यला."

"कॉम्प्युटर बदल तुझा," म्हणत मी हसलो. जाऊन पाहिलं.

आईच्या खांद्यावर चार छोटी बोटं होती.

वेळ नव्हता. लोकांना साडीची घडी वाटेल म्हणून तशीच फ्रेम करून आणली. भन्तेजी आले, वंदना झाली. कुणी काही विचारलं नाही. मी सुटलो असं वाटलं.

कार्यक्रमानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारचे चार. लाईट गेलेली. कूलर बंद. फोटोसमोर मी एकटाच.

आणि...

ठक्. ठक्. ठक्.

माझी बायको भावना आतून ओरडली, "अहो, बोअरची मोटार चालू ऱ्हायली का?"

"लाईट न्हाई ना."

"मंग हे काय वाजून राह्यलं?"

मी ओळखलं होतं. बंदरात शिरणाऱ्या बोटीचं इंजिन. चारला बोटी यायच्या, मासळीचा लिलाव सुरू व्हायचा. पण परतूरला समुद्र कुठला?

आवाज थांबला. मी मान वर केली...

आईचा खांदा रिकामा होता.

चाळीस वर्षं दाबून ठेवलेलं आपोआप तोंडून निघालं.

"आई, तो पळाला नव्हता. लिलाव बघायला जायचं म्हणून मीच त्याचा हात झटकला."

वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल.

तेवढ्यात माझ्या डाव्या करंगळीला... चार छोट्या, गार बोटांनी धरलं.

प्रेम अशीच धरायचा.

भावनाला मी काही सांगितलेलं नाही. फोटो आता एकदम साफ आहे. रोज चारला ती ठकठक सुरू होते आणि बोटं येतात. या वेळी झटकायची माझी हिंमत होत नाही.

परवापर्यंत ती नुसती धरून असायची.

कालपासून दाराकडे ओढायला लागलीत.