आवसेचा खरवस

वेल्ह्याच्या धनगरवाड्यावरचा पैलवान हैबती आमच्या भोरच्या सायबर कॅफेत मान वाकवून शिरला, आणि माझ्या काळजाचा ठोकाच चुकला. महिनाभर ऑर्कुटवर मी ज्याच्याशी चोरून बोलत होते, तो हाच! नजरानजर झाली... पण त्याच्या डोळ्यांत ओळखच नाही.

सोबत वकील अन्वरभाई होते. "सुप्रिया, कुणीतरी याचा फोटो लावून, याच्या नावानं पोरींना नादी लावतंय. भैरवनाथाच्या यात्रेतली कुस्ती काढून घेतली याची. तक्रार करायचीय. पण लिहिणारा हाच नव्हे, याला पुरावा काय?"

म्हणजे इतके दिवस मी कुणाशी...? रडू आलं, संतापही आला.

"म्या तर कंप्युटरला कवा हात न्हाई लावला," हैबती पुटपुटला. एवढा दांडगा गडी, पण आवाज पार पडलेला.

त्या भामट्याचे निरोप माझ्याकडे होते. खाली माझी उत्तरंही होती! पोलीस वाचणार, मग बाबा वाचणार... भोर ते केवढंसं! गप्प बसावं असंच वाटत होतं. पण हैबतीची खाली गेलेली मान बघवेना. मी ते निरोप उघडून स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

तो अडखळत वाचू लागला. "सोमवारी अमावस्या... भाटघर धरणावर ये, घरच्या म्हशीचा खरवस आणतो..." आणि एकदम ताठ झाला. "वकीलसाब, ह्यो आमच्यातला न्हाईच! आवसंला आमच्या वाड्यावरनं दुधाचा थेंब भाईर जात न्हाई. कुणालाबी इचारा!"

"काम झालं! छापून दे पोरी. पण साक्षीला तुझं नाव लागेल."

हैबतीनं खालची ओळही वाचली होती. माझं उत्तर - 'नक्की येते.'

"ऱ्हाऊ द्या," तो हळूच म्हणाला. "पोरीचं नाव नगं चौकीत. कुस्ती गेली तर गेली."

झालं! त्याच क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले... या वेळी खऱ्याखुऱ्याच्या.

"लिहा माझं नाव," मी म्हणाले.

बाबांनी अबोला धरला. सोमवारी भाटघरला माझ्याऐवजी पोलीस गेले आणि खरवसाशिवाय आलेला एक टवाळ धरून आणला.

मंगळवारी सकाळी दारात हैबती. हातात स्टीलचा डबा.

"आवस सरली. आज चालतंय," तो म्हणाला. मग जमिनीकडे बघत, "त्यानं लिव्हलं ते खोटं. पर... तुमी लिव्हलं ते?"

डबा अजून कोमट होता. मी तो पोटाशी धरला.

"कुस्ती मिळाली परत?"

"व्हय. ऐतवारी हाय."

"नक्की येते," मी म्हणाले.