तेवीस सालचा पिवळा

गणराज आमच्या चिखलीच्या शेडमध्ये पहिल्यांदा आला तो चुकून. त्याला शेजारच्या वेल्डरकडे जायचं होतं. दारात टांगलेल्या माझ्या पत्र्यांपाशी मात्र थांबला. बाबांच्या पावडर कोटिंगच्या कामातून उरलेल्या कोरड्या, भुकटीच्या रंगांनी मी पत्र्यांवर चित्रं करते आणि भट्टीत भाजते.

"हा निळा कुठून आणलात?" त्याने विचारलं. "अंटार्क्टिकाचा बर्फ आतून असाच दिसतो."

साहेब समुद्रावरच्या बर्फाचे अभ्यासक निघाले. महिन्याभरात आमचं ठरलं — दर वर्षाचा एक पत्रा. बर्फ जास्त तर निळा गडद, कमी तर फिका. आकडे त्याचे, रंग माझे. चिंचवडला प्रदर्शन भरणार होतं.

आणि विजयश्री? ती आकड्यांबरोबर फुकट आली. "हे विजयश्रीने मोजलं." "विजयश्री थंडीतही गाणी म्हणायची." तेवीस साली दोघं तीन महिने एकाच जहाजावर होते. मी मान डोलवायची आणि आतल्या आत जळफळायची.

मग एकदा तो म्हणाला, "तेवीसचा निळा जरा जपून हं... विजयश्री बघायला येणारे."

तो गेल्यावर मी तेवीसचा पत्रा घेतला, चाकणच्या क्रेनच्या ऑर्डरमधला उरलेला पिवळा मारला आणि भट्टीत ढकलला. बाहेर आला तेव्हा गार वाटलं. पाच मिनिटांनी भानावर आले. प्रदर्शन परवावर, आणि हा माणूस एका आकड्यासाठी आठवडा घालवणारा. आता तो माझं तोंडही बघणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने पिवळ्या पत्र्यावर नख घासून बघितलं.

"चुकून झालं?"

"नाही. मुद्दाम." मी सांगून टाकलं. "त्या वर्षी ती तुमच्याबरोबर होती... मला नाही सहन झालं."

त्याने बाह्या सरसावल्या.

"त्या वर्षी बर्फ इतका कमी होता, की आम्ही डेकवर नुसते गप्प उभे राहायचो. जेवढा होता तेवढाच दाखवायचा, स्वरूपा. सँडपेपर कुठेय?"

"आणि ती?"

"होतं आमचं. परतल्यावर सुटलं. उद्या नवऱ्याला घेऊन येतेय... घास ना, बघत काय बसलीस?"

पहिल्यांदाच अगं-तुगं. मी घासायला लागले. संध्याकाळपर्यंत दोघांचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले, आणि भट्टीतून तेवीस साल निघालं — फिकं, जवळजवळ पांढरं. ते बघून मलाच वाईट वाटलं.

"नोव्हेंबरात परत जातोय," तो हळूच म्हणाला. "यंदाचा पत्रा कोरा ठेवशील? आकडा घेऊन मी तुझ्याकडेच येईन... आणि मग इथून जायचं मनात नाही."

"ठेवते," मी म्हटलं. "पिवळी पावडरही अर्धा डबा उरलीय. जहाजावर कोण कोण आहे, आधी ती यादी दाखव."