रिकामी म्हणून ठेवलेली नळी

दुपारच्या सुट्टीत बाबी पुन्हा साबण घ्यायला गेली, तेव्हा दुकानदारालाही राहवलं नाही. "ताई, खाता की काय?" तिने असं पाहिलं की पुढचा विनोद त्याने गिळलाच. हातांची सालं निघाली होती, तरी धुणं चालूच. करणार काय? नोकरीवर गदा आली होती.

गुन्ह्याच्या जागेवरचं रक्त, लाळ, केस कुणाचे ते शोधणाऱ्या प्रयोगशाळेत ती नवीच लागली होती. दर खेपेला नमुन्यांसोबत एका नळीत नुसतं शुद्ध पाणी ठेवायचं. त्यातून काही निघता कामा नये. यंत्राने सरळ रेघ काढली की समजायचं, काम स्वच्छ झालं. पण बाबीच्या पाण्यातून दर खेपेला कुणीतरी डोकं वर काढायचं. रेघेवर सुळके, म्हणजे पाण्यात कुणाचा तरी डीएनए! मग अख्खी खेप बाद, पोलिसांचे फोन, आणि तिच्यावरच्या मॅडमच्या तोंडाचा पट्टा सुरू.

"अगं, शिंकतेस का त्यात? अर्धे सुळके तर तुझेच आहेत!"

"दोन-दोन मास्क लावते, मॅडम. श्वाससुद्धा विचारून घेते."

"जीभ तेवढी चालते. आणखी एकदा झालं तर तुला ठेवणं माझ्या हातात नाही."

घरी आईची वेगळीच तऱ्हा. "पाण्यात काही नाही हे बघायला पगार देतात? आणि तेही जमेना?" वडील गेल्यापासून घर बाबीच्याच पगारावर होतं. आईला ते ठाऊक होतं, म्हणून तर घाबरून अशी बोलायची.

शेवटी मॅडमच कातावल्या. "तू बाहेर बस. मी करते." नवी बाटली, नव्या नळ्या, नवे हातमोजे. बाबी दिवसभर बाहेरच्या बाकावर. काचेच्या दाराआड यंत्राची घरघर, नाकात फिनेलचा उग्र वास. मनात एकच धावा: येऊ दे, एकदा यांच्याही पाण्यात येऊ दे.

आलं.

मॅडमनी तिला आत बोलावलं तेव्हा त्यांचा आवाज पार खाली आला होता. "तुझी चूक नाही गं. पण हे बघ..."

सुळके आता उंच, ठसठशीत होते. मागच्या खेपांचे कागद शेजारी मांडले, तर लेकराची उंची भिंतीवर खुणा करत मोजावी तसे ते वाढत आलेले. आणि सुळके जोडीजोडीने आलेले, प्रत्येक जोडीतला एक बाबीशी जुळणारा, एक कुणा परक्याचा.

"निम्मं तुझं. असं आईबापांचं येतं, नाहीतर पोटच्या लेकराचं. आणि ही बाई आहे."

"म्हणजे आई!" बाबीचा जीव भांड्यात पडला. "माझा एप्रन तीच धुते, मॅडम. तिचाच केस-बिस आतल्या खोलीत उरला असेल."

संध्याकाळी घरी जाऊन ती कापसाची काडी घेऊन आईपुढे उभी राहिली. "आ कर."

"आता माझ्यावर खटला भरतेस?"

"कर गं आ!"

आईचा निकाल आला, तेव्हा मॅडमनी तो नळीच्या कागदाशेजारी धरून दोनदा ताडून पाहिला. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी आत हातपाय गार पडावेत असा गारठा.

"नळीतली बाई तुझी आई नाही... तुझ्या आईशी तिचं नातं लागतंय, पण नातीचं लागावं तसं." त्यांनी कागद बाजूला सारला. "बाबी, तुला... मूल?"

"लग्न कुठं झालंय माझं!"

"लग्नाचं नाही विचारलं."

"नाही हो... कधीच नाही..."

मॅडमनी सगळे कागद गोळा करून फाइलमध्ये घातले. "वर कळवते, पोरीकडे दोष नाही म्हणून. तुझी नोकरी राहिली. आता ती नळी टाकून दे, जाळायच्या डब्यात. नियमच आहे तो."

बाबीने फ्रीज उघडला. नळ्यांच्या रांगेतून पाण्याची तेवढी उचलली आणि तशीच थबकली.

"टाक ना."

"मॅडम... ही कोमट आहे."

मॅडमनी बोट लावून पाहिलं. चटकन मागे घेतलं.

बाबीने नळी होती तिथेच परत ठेवली. नियम मोडला म्हणून मॅडम ओरडल्या नाहीत. फ्रीजचं दार त्यांनीच लावलं... घरात तान्हं निजलेलं असताना लावतात तसं, हळूच, आवाज होऊ न देता.