न झोपणारी गाडी

हे बघ भाच्या, गाडी घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. पैसे तुझे, हौस तुझी. वाऱ्यासारखी पळणारी इलेक्ट्रिक एसयूव्ही, दोनच वर्षं वापरलेली, निम्म्या किमतीत मिळतेय म्हटल्यावर कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. फक्त विसार द्यायच्या आधी एक गोष्ट ऐकून घे. तुम्हीही ऐका रे, मोबाइल ठेवा बाजूला. आणि ते गच्चीचं दार लोटा, मघापासून आपटतंय.

आपल्या मागच्या रस्त्यावर माझ्या एका मित्राचं टायरचं दुकान. धंद्यामुळे सगळे त्याला पंक्चर म्हणतात, अगदी त्याची आईसुद्धा. माणूस पक्का हिशेबी. नवा शर्ट घेतला तरी तो किती धुण्यांत विटेल हे आधी विचारणार. त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. जिभेवर साखर आणि खिशात दुसऱ्याचं पाकीट, असा तो गडी. त्याने पंक्चरला अशीच एक गाडी दाखवली.

"दाजी, पेट्रोलला तुमचे आठवड्याला जातात ना, तेवढ्यात ही महिनाभर फिरेल. इंजिन नाही, ऑइल नाही, गिअर नाहीत. खर्च यायला जागाच नाही."

"अपघात झालेली आहे का?"

"छे. पुढची काच तेवढी बदललीय. खडी उडाली होती."

पंक्चरने आपल्या धंद्याप्रमाणे चारही टायर हाताने चाचपले, खाली वाकून चाकं पाहिली, आणि बाकी सगळं मेहुण्याच्या शब्दावर सोडलं. घरचाच माणूस, तो कशाला फसवेल? पुढे त्याला कळलं की हिचा विमा भारी आहे, आणि वजन एवढं आणि जोर एवढा की टायर खोडरबरासारखे झिजतात. पण टायर तर घरचेच. चार्जिंग दुकानातल्या वायरवर व्हायचं. पहिले दोन महिने तो जो भेटेल त्याला किलोमीटरमागचा खर्च ऐकवायचा. आम्ही त्याला पाहून रस्ता बदलायला लागलो होतो.

मग गाडीने रंग दाखवला.

या गाड्यांना मोठी बॅटरी असते तशी एक छोटीही असते, साध्या गाडीत असते तशीच. दारं, दिवे, समोरचा स्क्रीनचा पडदा, सगळं तिच्यावर. ती छोटी बॅटरी सकाळी मेलेली असायची. एकदा झालं, दोनदा झालं. नवी घातली, तीही मेली. वायरिंगवाल्याला बोलावलं. त्याने एक रात्र मीटर लावून ठेवलं आणि सकाळी डोकं खाजवत सांगितलं, "शेठ, तुमची गाडी झोपत नाही."

"म्हणजे?"

"कुलूप लावलं की थोड्या वेळात सगळं बंद पडायला हवं. हिचं पडत नाही. मागच्या डाव्या सीटवर कुणीतरी बसलंय असं तिला वाटतंय. माणूस आत असताना गाडी झोपत नाही."

पंक्चर हसला. कारण त्या सीटची कटकट त्याला माहीत होती. गाडी चालू केली की तिथला बेल्ट लावा म्हणून टुंग टुंग सुरू व्हायचं. सीट रिकामी, तरी टुंग टुंग. त्यावर मेहुण्याने उपाय दिला होता, तुम्ही सगळे करता तोच. बेल्टच्या टोकाला असते तशी एक खोटी क्लिप मिळते बाजारात. ती खाचेत खोचायची. गाडीला वाटतं बेल्ट लावला. तोंड बंद. भाच्या, तुझ्या त्या मित्राच्या गाडीत पाहिलीय मी ती, मान खाली घालू नकोस.

तर क्लिप खोचली होती, आवाज बंद होता, आणि बॅटऱ्या मरत होत्या. पंक्चर दर महिन्याला नवी बॅटरी घालायचा आणि हिशेबात ती धरायचा नाही.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. दुसरा शनिवार, रात्रीचे साडेअकरा.

बायपासवर एका टेम्पोची दोन चाकं गेली होती. टेम्पोवाल्याचा फोन आला. पंक्चरने रिंगसकट दोन टायर काढले. मागे डिकीत दुकानाचा जॅक आणि कॉम्प्रेसर होता, म्हणून एक टायर पुढच्या सीटवर टाकला, दुसरा मागे उजवीकडे. वाटेत बायकोला घ्यायचं होतं. ती हाडांच्या दवाखान्यात नर्स, प्लास्टर घालायच्या खोलीत. तिची पाळी अकराला सुटायची.

ती थकून आली आणि मागे डावीकडे बसली. दुसरी जागाच नव्हती.

"अहो, हे काय खोचलंय इथे?"

"राहू दे ते. आवाज येतो."

"यायलाच हवा." तिने क्लिप उपटली आणि खिडकीतून भिरकावली. "आज एक पोरगं आलं होतं. दोन्ही मांड्या मोडलेल्या. त्याच्याही बापाला आवाजाचा त्रास होत होता." आणि तिने स्वतःचा बेल्ट ओढून खट्टकन लावला.

या विषयावर तिच्याशी वाद घालायची पंक्चरची छाती नव्हती. गाडी निघाली. गाव मागे पडलं. बायपासला दोन्ही बाजूंना गोदामांच्या भिंती, मधे दिवे, त्यांतले निम्मे बंद. ती म्हणाली, उद्या उशिरा उठवा. तो म्हणाला, बरं.

टुंग.

त्याने पडद्यावर पाहिलं. मागची डावी सीट. बेल्ट लावा.

"अगं, निघाला का बेल्ट?"

"नाही. लावलेलाच आहे."

टुंग. टुंग.

"ओढून बघ जरा."

ती ओढायला खाली वाकली असावी. मग तिचा आवाज आला, वेगळाच, दबका.

"अहो... माझ्या मांडीवर कुणीतरी बसलंय."

त्याने आरशात पाहिलं. ती एकटी होती. दोन्ही हात वर धरले होते तिने, मांडीवर काही सांडलं की धरतो तसे.

"जड नाहीये," ती म्हणाली. "पण बसलंय."

त्याने गाडी कडेला घेतली. ती थांबली, आणि त्याच क्षणी पडदा विझला, दिवे विझले, सगळं विझलं. दाराचं बटण दाबलं. मेलेलं. काचेचं दाबलं. मेलेलं. अंधारात फक्त बेल्टचा आवाज येत होता. आत ओढला जाताना येतो तो. सर्र... सर्र...

"अहो, घट्ट होतोय."

"काढ ना मग."

"निघत नाही. कुणीतरी... माझ्याकडून ओढून घेतंय."

एक बेल्ट आणि माणसं दोन. खाली हिसका, वर हिसका. बेल्ट तिच्या खांद्यावरून सरकला आणि गळ्याशी आला. पुढचा शब्द तिला बोलताच आला नाही.

पंक्चर दोन सीटांमधून मागे घुसला. टायरच्या रिंगवर त्याची बरगडी आपटली, मोडली, त्याला ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्याने बेल्टखाली बोटं घातली. बेल्टने बोटं तिच्या गळ्याशी चिरडली. एक नख मुळासकट निघालं. तो गुडघा तिच्या सीटवर रोवून मागे ओढत होता. ती पाय झाडत होती. तिची टाच त्याच्या तोंडावर बसली, ओठ फाटला. रक्त तिच्या अंगावर गळत होतं, आणि तिचं तोंड उघडं होतं, आणि त्यातून काही येत नव्हतं. हवासुद्धा.

त्याने दुसऱ्या हाताने मधे चाचपलं. तिच्या आणि त्याच्यामध्ये.

तिथे केस होते. विंचरलेले. गार.

पोरांनो, हे त्याने मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तर उठून जातो.

टायरवाल्याच्या खिशात चाकू असतोच. रबर कापायचा, आखूड, धारदार. त्याने तो काढला आणि बेल्टवर चालवला. तिच्या खांद्याला लागला. पुन्हा चालवला. कुणीतरी त्याच्या मनगटाला धरलं. ओरबाडलं. चावलं. त्याने सोडलं नाही. या बाईशिवाय मी घरी जाऊन काय करू, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आतड्यापासून जोर लावून त्याने शेवटचा धागा कापला.

बायको बाजूला कोसळली, त्या दुसऱ्या टायरवर. तिने श्वास घेतला. करवत ओढावी तसा.

आणि मग...

गाडी उभी होती रे. जागेवर. बंद. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही.

तरी धडक बसली.

अख्खी गाडी दणाणली. त्या सीटवरून काहीतरी सुटलं आणि पुढे आलं. गोफणीतून दगड यावा तसं. पंक्चर वाटेत होता. त्याच्या खांद्यावर, गळ्याच्या हाडाखाली, ते आदळलं. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. ते त्याच्यावरून गेलं. पुढे गेलं. पुढची काच फुटली. आतून. बाहेर. काचांचा सडा लांब, रस्त्यापर्यंत.

मग काही नाही.

टुंग टुंग नाही. सर्र नाही. ती श्वास घेत होती, तेवढंच.

त्याने तिला त्या फुटलेल्या काचेतून बाहेर काढलं, एका हाताने, दोघांचीही कातडी सोलत. टेम्पोवाला वाट पाहून पाहून चालत निघाला होता, त्याला हे दोघं रस्त्यावर सापडले. त्याने एक ट्रक थांबवून त्यांना दवाखान्यात नेलं. तिच्याच दवाखान्यात. तासाभरापूर्वी जिथून ती सुटली होती तिथेच तिला आडवं केलं.

सकाळी मेहुणा आला. बहिणीच्या गळ्याभोवती काळानिळा पट्टा, डोळ्यांत रक्त उतरलेलं. तिला बोलता येत नव्हतं, कुजबुजत होती.

"खरं सांग," ती म्हणाली. "कोण गेलं त्या गाडीत?"

"ताई, शपथ. कुणी नाही गेलं. नुसती काच गेली होती."

"माझ्याकडे बघून सांग."

तो बघत होता खिडकीकडे. "मला मिळाली तशी मी दिली. मागचं मी विचारत नाही. धंद्यात कुणी विचारत नाही."

तिने तोंड फिरवलं. सख्खा भाऊ, पण त्यानंतर ती त्याच्याशी अवाक्षर बोललेली नाही, आजतागायत.

शेजारच्या खाटेवर डॉक्टर पंक्चरचा खांदा साफ करत होते. हाड मोडलं होतंच, वर एक खोल जखम. काच रुतलीय म्हणाले. चिमटा घातला, फिरवला, ओढला. पांढरं काहीतरी निघालं. त्यांनी ते दिव्याखाली धरलं, आणि बराच वेळ धरून राहिले.

"तोंड उघडा," ते पंक्चरला म्हणाले. त्याने उघडलं. मग बायकोकडे वळले. "सिस्टर, तुम्हीही." दोघांच्या जबड्यांत बोट घालून त्यांनी नीट पाहिलं. सगळे जागच्या जागी होते.

"घरात लहान मूल आहे का?"

"मुलगा आहे," पंक्चर म्हणाला. "कॉलेजात."

डॉक्टरांनी ती वस्तू ट्रेमध्ये ठेवली. बारीक आवाज झाला, तांदळातला खडा ताटात पडावा तसा. मेहुणा उठून जवळ आला, वाकला, आणि तिथेच फरशीवर बसला.

दुधाचा दात होता. पुढचा. त्याच्या मुळाला लागलेलं रक्त अजून ओलं होतं.