तिने ‘नाही’ म्हणून बघितलं

ती कारखान्यासमोरच्या फुटपाथवर खांबाआड लपली होती, आणि खांब फारच बारीक होता.

“आत यायचंय, की नुसती पाळत ठेवायचीये?”

ती दचकली. मागे एक उंचसा तरुण उभा. बाह्यांवर काचेची पांढरी पूड, डोळ्यांत हसू.

“मी... बसची वाट बघतेय.”

“इथे बस थांबत नाही.”

झालं, पडलं पितळ उघडं! समोरच्या चष्म्याच्या कारखान्यात उद्या तिची मुलाखत होती, आणि कारखाना सुटल्यावर माणसं कशा चेहऱ्याने बाहेर पडतात ते तिला आधी बघायचं होतं. माणसं वेळेवर बाहेर पडली, तीही हसत. तिला नेमकं तेच खटकलं.

“काहीतरी काळंबेरं आहे,” ती घरी ताईला म्हणाली.

“तुला देव भेटला तरी तू त्याचं ओळखपत्र मागशील!”

ताई हसली खरी, पण तिला कारण माहीत होतं. आधीच्या मालकाकडेही सगळे गोडच बोलायचे. मग त्याच्या भाच्याने लग्नाचं विचारलं, ही नाही म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून हिने घासलेली प्रत्येक काच खराब ठरायला लागली. शेवटी रडत रडत काम सोडलं. काचा घासणं तर हिचा जीव की प्राण. इथेही तसंच झालं, तर पुन्हा कुठे पाऊल टाकायची हिंमत उरणार नव्हती.

नोकरी मिळाली. पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून एक महागडी काच तडकली, तर मालकीणबाई धावत येऊन म्हणाल्या, “हात नाही ना कापला?” एवढंच! आता टोमणे कधी सुरू होतात याची ती वाटच बघत बसली. ते काही सुरू होईनात, आणि तिची झोप उडाली.

त्यात तिचं काम तपासायला तोच, खांबाजवळचा. तो काच उजेडात धरायचा आणि काचेतून हिच्याकडेच बघायचा.

“काच बघताय की मला?”

“काचच. तुम्ही मध्ये येताय.”

तिचे कान लाल व्हायचे. लगेच मनात पाल चुकचुकायची — हा सगळ्यांशीच असं बोलत असेल का?

एका संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. दाराशी छत्री उघडता उघडता तो अडखळला. “रविवारी... नदीकाठी फिरायला याल? माझ्याबरोबर?”

तिच्या मनात ‘हो’ इतक्या जोरात उमटलं, की तीच घाबरली. आणि तोंडातून निघालं, “नाही.”

“बरं,” तो म्हणाला. छत्री तिच्या हातात देऊन भिजत गेला.

दुसऱ्या दिवशी तिच्या काचा त्याच्याकडे न जाता कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या कारागिराकडे गेल्या. आलाच शेवटी खरा रंग बाहेर! ती तरातरा मालकीणबाईंकडे गेली.

“माझं काम त्यांच्याकडून का काढलं?”

“अगं, त्यानेच सांगितलं. म्हणाला, मी तिला काही विचारलं, ती नाही म्हणाली. आता मी तिची चूक काढली तर तिला वाटेल राग काढतोय, आणि नाही काढली तर वाटेल मस्का मारतोय. तिला निवांत काम करू द्या.” बाईंनी चष्मा वर सारला. “तुझी काही हरकत आहे का?”

तिचे डोळे भरून आले, आणि त्या रडण्यात दुःख मुळीच नव्हतं.

सुट्टी झाल्यावर ती त्याच्या टेबलाशी गेली. “पुन्हा विचारा ना.”

“काय?”

“तेच... रविवारचं.”

“अंहं. एकदा ‘नाही’ ऐकलं, आता पुन्हा त्रास द्यायचा नाही.”

“मग मी विचारते. रविवारी याल?”

त्याने हातातली काच खाली ठेवली. “आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर... उद्या आपापल्या काचा घासू. इथे काही बिघडणार नाही.” हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. तरी तिचा आवाज थरथरला. “पण नाही म्हणू नका हं. मला तुम्ही फार आवडता.”