लाल झेंडा कोण उतरवणार?

"टेकडीवरचा पाळणा रद्द, दीपगृह रद्द, मत्स्यालय रद्द!" पोपटने टेबलावरच्या शहराच्या नकाशावर फटाफट फुल्या मारल्या. "उद्या सकाळी पुन्हा होडी! आणि ती उद्याही सुटणार नाही. लावता पैज?"

"तोंड सांभाळ!" खार त्याच्यावर खेकसली.

पोपट हा मावशीचा मुलगा. याच परदेशी बंदरात वाढलेला, इथली भाषा घडाघडा बोलणारा. खारीला सगळे खार म्हणत, कारण ती एका जागी म्हणून बसत नसे. ती, तिचा थोरला भाऊ ढब्बू, आई आणि आजोबा सुट्टीत मावशीकडे आले होते. आता शेवटचा एकच दिवस उरला होता. परवा विमान!

आणि सहलींवर फुल्या पडल्या होत्या त्या आजोबांसाठी. आजोबा भूगोलाचे मास्तर. जन्मभर फळ्यावर सील नावाचा समुद्रातला प्राणी काढून दाखवला, पण खरा सील कधी पाहिला नाही. इथे खाडीपलीकडच्या खडकावर सील येऊन बसतात आणि होडी त्यांच्या अगदी जवळ जाते, असं मावशीने सांगितल्यापासून म्हातारबोवा लहान मुलासारखे हरखले होते. डॉक्टरांनी मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे हात टेकले होते. वर्षअखेरीस फक्त उजेड आणि अंधार तेवढा कळेल, म्हणाले.

आजोबांनी नकाशाच्या कोपऱ्यात एक सील काढला होता.

"आजोबा, हा सील आहे की मिशा फुटलेला बटाटा?" ढब्बूने विचारलं.

"म्हणून तर खरा बघायचाय, गाढवा! डोळे आहेत तोवर खात्री करून घेतो."

सगळे हसले. खारीला काही हसू आलं नाही. होडी सुटणार नाही असंच तिलाही मनातून वाटत होतं.

सकाळी धक्क्यावर तेच! तिकीटवाल्याने खिडकीतून मान बाहेर न काढताच सांगितलं, "लाल झेंडा. समुद्र खवळलाय. उद्या या."

"उद्या आम्ही नाही!" पोपट ओरडला. खिडकी खाडकन बंद झाली.

आजोबा टोपी मांडीवर घेऊन बाकावर बसले. "जाऊ दे रे, नसेल नशिबात," ते म्हणाले. आई आणि मावशी पिशव्या गोळा करू लागल्या. खारीचे डोळे भरून आले, म्हणून तिने तोंड समुद्राकडे फिरवलं आणि एकदम थबकली. पाण्यात दोन बायका डोकी वर काढून निवांत गप्पा मारत पोहत होत्या!

"ढब्बू, खवळलेल्या समुद्रात कुणी गप्पा मारतं का रे?"

"आयला! आपण आलो त्या दिवशी वादळ होतं, ते खरं. पण आज तर पाणी ताटात वाढल्यासारखं आहे!"

तिघं धावत बंदराच्या कचेरीत गेले. साहेबीणबाईंनी चष्मा नाकावर ओढला. पोपट भराभर भाषांतर करत होता. "वादळ केव्हाच संपलं! झेंडा उतरव म्हणून आम्ही पहारेकऱ्याला फोनही केला. होडीवालेच आळशी, त्याला आम्ही काय करणार?"

पहारेकरी चौकीत रेडिओ ऐकत पाय पसरून बसला होता. "झेंडा? उतरवला की मी! दोरी ओढली, खुंटीला बांधली."

"काका, पण वर बघितलंत का?" पोपटने विचारलं.

"वर काय बघायचं? दोरी मीच ओढली ना!" त्याने रेडिओ मोठा केला. चौकीबाहेर यायला काही तो तयार होईना.

"हा ओढतो पण बघत नाही, तिकीटवाला बघतो पण विचारत नाही, आणि बाई नुसता फोन करतात!" खार संतापली. "तिघांना एकदमच वर बघायला लावू या! ढब्बू, झोप!"

ढब्बू झेंड्याच्या खांबाखाली उताणा पडला आणि आकाशाकडे बोट दाखवून "आई गं!" करून किंचाळला. पोपटने इथल्या भाषेत गळा काढला, "धावा, धावा! केवढा हा पक्षी! माणूस उचलून नेईल!"

मग काय विचारता! बघता बघता गर्दी जमली. बाई चहाचा कप घेऊन धावल्या, तिकीटवाल्याने खिडकी उघडली, पहारेकरी एकाच पायात चप्पल घालून आला. सगळ्यांनी माना वर केल्या. पक्षी कुठला! वर लाल झेंडा लोंबत होता.

"हे काय?" बाई गरजल्या.

"पण मी तर... दोरी तर..." पहारेकऱ्याची बोबडी वळली. दोरीची गाठ वरच्या चाकात अडकून बसली होती. त्या दिवशी खालची ढिली दोरी तेवढी त्याच्या हातात आली होती. शिडी आली, झेंडा उतरला, धक्क्यावर टाळ्या पडल्या.

"शाब्बास, पोरांनो! तुमच्यासारखी हुशार मुलं पाहिली नाहीत!" बाईंनी सगळ्यांना फुकट तिकिटं दिली आणि झेंडा घडी करून खारीला बक्षीस दिला.

होडी सुटली. आजोबा सर्वांत पुढे बसले. त्यांनी तीनदा चष्मा पुसला. खारीने झेंडा पोटाशी घट्ट धरला होता. खडक जवळ आला, आणखी जवळ आला, अगदी हात लावावा इतका जवळ आला.

खडकावर कुणीच नव्हतं. नुसता मासळीचा वास येत होता.

नावाड्याने इंजिन बंद केलं. "अरेरे! परवा दीपगृहावरून पाहिलं तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नव्हती. पिल्लं पोहायला लागली की सगळे निघून जातात. आता पुढच्या वर्षी."

पोपटने हे भाषांतर करून सांगितलं आणि तो गप्प बसला. पोपट गप्प बसला!

ढब्बूला राहवेना. "आजोबा, तो बघा! तिकडे, पाण्यात! एक दिसला!"

"नको रे," आजोबा हळूच म्हणाले. "खडक दिसतोय मला. रिकामा आहे."

परतताना मावशीने मुलांच्या पाठी थोपटल्या, आईने तर ढब्बूला चक्क जवळ घेतलं. धक्क्यावरचे लोक अजून हात हलवत होते. खारीला वाटलं, हा झेंडा पाण्यात भिरकावून द्यावा.

आजोबांनी चाचपडत तिचा हात धरला. "पुढच्या वर्षी तुम्ही तिघं या हं. नीट बघा. आणि मला येऊन सांगा, मिशा बरोबर काढल्या होत्या का मी."

"हो आजोबा," खार म्हणाली. मग तिने झेंड्यात तोंड खुपसलं, आणि धक्का येईपर्यंत वर पाहिलं नाही.