शालूच्या मानेतली गाठ

खोटं वाटलं तर वाटू द्या. आमच्या घरात हे घडलंय, एवढं खरं.

आणि रात्री नाही हो... भर दुपारी. नांदुरा, १९३७ चा चैत्र.

रमाकांत डॉक्टर म्हणजे माझे चुलत आजोबा. दवाखान्यात एकटेच होते. सूक्ष्मदर्शक खिडकीपाशी ओढलेला, कारण त्याच्या खालच्या आरशावर उजेड पडल्याशिवाय काही दिसत नसे. काचेवर होता छोट्या शालूच्या मानेतल्या गाठीचा पातळ काप. तिचे वडील उकंडराव बाहेर ओट्यावर जीव मुठीत धरून बसलेले.

क्षयाची गाठ असली, तर आशा होती. पण दुसरा एक दुर्मिळ रोग... रोगाशी लढणाऱ्या पेशीच त्यात माजतात. त्याची खूण म्हणजे एक मोठी पेशी, आत दोन ठिपके. घुबडाच्या डोळ्यांसारखे.

शालूची आई वच्छलाबाई त्यानंच गेली होती, मागच्या पोळ्याला.

डॉक्टरांनी सगळा काप पाहिला. डोळे कुठंच नव्हते.

"सुटली बापा पोरगी!"

तेवढ्यात... भिंगात अंधार झाला.

खिडकीत कोणी उभं राहिलं की होतो, तसा. त्यांनी मान वर केली.

खिडकी रिकामी. बाहेर ऊन रखरखत होतं.

मग वास आला... जळक्या बिब्ब्याचा. वच्छलाबाई गाठीवर बिब्बा लावून यायची. डॉक्टर किती रागवायचे तिला!

त्यांनी पुन्हा डोळा लावला. दोन्ही हात मांडीवर होते.

तरी काच... सरकली. केसभर.

उजेड परतला. अन् मधोमध दोन डोळे. थेट त्यांच्याकडे बघणारे.

डॉक्टर भिंगापासून मागं सरकले. ही सांगायला आली, की लेकीला न्यायला?

"वच्छलाबाई," ते कसेबसे म्हणाले, "लेकरू हाय ते. सोडा तिले. न्याचंच असन तं... मले न्या."

ओट्यावरून उकंडराव आत डोकावले. "डॉक्टरसाहेब, कोनासंगं बोलून राह्यले?"

"कोनासंगं नाही. आजच्याच गाडीनं पोरीले नागपूरले न्या. गाठीवर क्ष-किरण द्या लागतात."

शालू वाचली. गाठ विरली.

त्याच दिवाळीत दाढी करताना डॉक्टरांच्या बोटाला हनुवटीखाली काहीतरी लागलं... वाटाण्याएवढं.

"अहो, तपासून पाहत काऊन नाही?" आजी रडकुंडीला आली.

"क्षयाचीच हाय," ते म्हणाले. न पाहताच.

जिल्हाभरच्या गाठी ओळखणारा माणूस! स्वतःच्या गाठीनं गेला, पण ती शेवटपर्यंत काचेवर येऊ दिली नाही. तिथून कोण बघेल, याचीच त्यांना भीती होती.

योगायोग म्हणा हवं तर. मला अजून म्हणता येत नाही.